एकहाती बॅकहँडसाठी रॅकेट कोणती घ्यावी? (सांगली, मुरुमाचं कोर्ट)

विश्रामबाग:
नमस्कार मंडळी. रॅकेट बदलायची आहे, जाणकारांचा सल्ला हवा. वय ३६, उंची ५ फूट ८ इंच, उजव्या हाताने खेळतो, बॅकहँड एकहाती. आठवड्यातून चार सकाळी सांगलीत मुरुमाच्या कोर्टावर खेळणं होतं. सध्याची रॅकेट गट (जाळीच्या तारा) न घालता २८५ ग्रॅम, हेड (जाळीचा भाग) १०० चौरस इंच, ग्रिप (मुठीच्या जाडीचं माप) एल-३, गट पॉलिएस्टरचा, ५४ पौंड ताणावर.

फोरहँडची काही तक्रार नाही. बॅकहँडला मात्र जोरात आलेला चेंडू जाळीच्या मधोमध बसला नाही की रॅकेट मुठीत फिरते. खांद्याएवढा उसळलेला चेंडू आखूड पडतो. आणि दोन सेट झाले की कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं. दुकानात २६०-२७० ग्रॅमच्या रॅकेट दाखवतात, "हलकी घ्या, हाताला त्रास नाही" म्हणतात. बजेट १८ हजार. हलकी घ्यावी का?

कृष्णाकाठ:
हलकी अजिबात घेऊ नका. तुमच्या तीनपैकी दोन तक्रारी हलक्या रॅकेटने वाढतील.

दोन हातांच्या बॅकहँडमध्ये आघाताच्या क्षणी दुसरा हात रॅकेट धरून ठेवतो. एकहातीत ते काम रॅकेटच्या वजनालाच करावं लागतं. चेंडू मध्यापासून दोन बोटं बाजूला लागला की रॅकेट लांबीच्या अक्षाभोवती पिळली जाते. हलक्या रॅकेटला हा पीळ जास्त बसतो, तो थांबवायला आपण मूठ आवळतो, आणि मूठ आवळताना मनगट सावरून धरणारे स्नायू कोपराच्या त्याच बाहेरच्या हाडाला जोडलेले असतात जिथे तुम्हाला दुखतंय. टेनिस एल्बो म्हणतात तो हाच.

पण नुसतं वजन बघून भागत नाही, ते कुठे आहे ते बघायचं. ३०० ग्रॅमची रॅकेट हेडकडे जड असेल तर एका हाताने वेळेत पुढे येत नाही. चेंडू शरीराच्या रेषेत लागतो, मनगट मोडतं, आणि पुन्हा कोपरच धरतं. एकहाती बॅकहँडचा चेंडू पुढच्या पायाच्याही पुढे, हातभर अंतरावर घ्यावा लागतो. म्हणून वजन पुरेसं आणि त्याचा ओढा मुठीकडे, अशी रॅकेट शोधा.

आकड्यांत सांगायचं तर गट न घालता ३०० ते ३१० ग्रॅम, आणि तोल मुठीच्या तळापासून ३१ ते ३२ सेंटीमीटरवर. रॅकेट २७ इंची असते, तिचा मध्य ३४.३ सेंटीमीटरवर येतो. तोल त्याच्या जितका खाली, तितकी ती हाताला हलकी लागते. साडेसत्तावीस इंची घेऊ नका. अर्ध्या इंचाने पल्ला वाढतो, पण एका हाताने ती फिरवायला उशीर होतो.

नवी घेण्याआधी एक काम करा. सध्याची रॅकेट गट आणि ओव्हरग्रिपसकट (मुठीवर वरून गुंडाळलेली पातळ पट्टी) किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. मग टेबलाच्या कडेवर आडवी तोलून, जिथे ती दोन्हीकडे न झुकता थांबते तिथपर्यंत तळापासून टेपने मोजा. दोन्ही आकडे इथे टाका.

मिरज ३०:
रॅकेटच्या आधी गट बघा, दादा. पॉलिएस्टर ५४ पौंडांवर आणि तेही दुखऱ्या कोपराला, हे आधी बंद. पॉलिएस्टर ताठ असतो आणि ताण झपाट्याने सोडतो. ताण गेला तरी तो मऊ होत नाही, नुसता मेलेला राहतो, आणि धक्का सरळ हातात येतो. तुटला नाही म्हणजे चांगला आहे, असा अर्थ होत नाही. आठवड्यातून चारदा खेळता तर वर्षातून निदान चारदा गटिंग हवंच, आणि पॉलिएस्टर असेल तर त्याहून लवकर.

कोपर शांत होईपर्यंत मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांचा मऊ गट) १.३० मिलिमीटर, ५२ पौंड. त्यानंतर टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी) हवाच असेल तर हायब्रिड करा: उभ्या तारा पॉलिएस्टर ४८, आडव्या मल्टिफिलामेंट ५०. मशीनवर आकडे किलोत असतील तर ५० पौंड म्हणजे २२.७ किलो. पौंडाचा आकडा किलोच्या मशीनवर चुकून लागला तर फ्रेम गेली, म्हणून उभं राहून बघा.

आपल्याकडे बरंच गटिंग बॅडमिंटनचं होतं. देण्याआधी विचारा की मशीनला टेनिसचे क्लॅम्प आहेत का, आणि फ्रेमला किती ठिकाणी आधार मिळतो. गटिंगआधी हेडची आतली रुंदी ३ आणि ९ वाजण्याच्या जागी मोजून ठेवा, नंतर परत मोजा. दोन-तीन मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर फ्रेमला आधार नीट मिळाला नाही असं समजा. असं दोन-चार वेळा झालं की फ्रेमला चिरा जातात.

विश्रामबाग:
धन्यवाद. मोजलं. गट आणि एका ओव्हरग्रिपसकट ३०६ ग्रॅम, तोल ३३.६ सेंटीमीटर. फेडररसारखी रॅकेट घ्यावी असं कोर्टावर एक काका सुचवतात, त्यांचाही बॅकहँड एकहाती आहे. तिचं कसं?

कृष्णाकाठ:
आकडे छान मोजलेत. गट साधारण १६ ग्रॅमचा, ओव्हरग्रिप ५ ग्रॅमची. म्हणजे मूळ फ्रेम २८५ ग्रॅम आणि तोल ३३ च्या आसपास. हवा त्यापेक्षा हेडकडे ओढा जास्त आहे. तुमचा उशीर तिथून येतोय.

फेडररच्या रॅकेटबद्दल: विल्सन प्रो स्टाफ आरएफ ९७ गट न घालताच ३४० ग्रॅमची आहे. त्याआधी तो ९० चौरस इंचाच्या हेडने खेळायचा. ९७ वर आल्यावर कडेला लागलेले चेंडूही आत राहू लागले, आणि २०१७ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात नदालचे उसळते चेंडू तो बॅकहँडने लवकर घेऊन सपाट मारत होता, ते सगळ्यांनी पाहिलं. त्यातून शिकायचं ते हेडचा आकार आणि चेंडू लवकर घेणं. वजन नको. चार दिवस खेळणाऱ्याचा खांदा दुसऱ्या सेटमध्ये ३४० ग्रॅमला थकतो, आणि थकलेला खांदा उशिरा फिरला की दुखणं कोपराच्या वाट्याला येतं.

आता नवी रॅकेट न घेता तपासा. ओव्हरग्रिप आणि खालची सिंथेटिक बेस ग्रिप काढा, चामड्याची बेस ग्रिप लावा, वर ओव्हरग्रिप परत. मुठीत साधारण १२ ग्रॅम वाढतात. मग हेडला ३ आणि ९ वाजण्याच्या जागी आतल्या बाजूने लेड टेपचे (शिशाची चिकटपट्टी) २-२ ग्रॅम. पाव इंची टेप ४ इंच कापली की १ ग्रॅम होते, म्हणजे प्रत्येक बाजूला ४ इंचांचे दोन तुकडे. वरून पातळ चिकटपट्टी लावा, शिसं हाताला लागू देऊ नका, आणि लावून झाल्यावर हात धुवा.

हिशेब असा बसतो: ३०६ अधिक १२ अधिक ४, एकूण ३२२ ग्रॅम, तोल ३३ वर उतरतो. मुठीतल्या १२ ग्रॅमने फिरवायला जवळजवळ काहीच जड होत नाही, कारण ते हाताशीच आहेत. हेडवरच्या ४ ग्रॅमने स्विंगवेट (रॅकेट फिरवताना किती जड लागते त्याचा आकडा) सुमारे ७ ने वाढतं, आणि पीळ मात्र लगेच कमी जाणवतो. तेच ४ ग्रॅम १२ वाजण्याच्या जागी, म्हणजे हेडच्या टोकाला लावलेत तर स्विंगवेट जवळपास दुप्पट, १३-१४ ने वाढेल आणि पीळ तसाच राहील. टोकाला लावू नका.

दोन आठवडे अशी खेळा. बॅकहँड स्थिर वाटला तर ३०५ ग्रॅमची रॅकेट तुमची. जड वाटली तर ३०० वर थांबा.

अजिंक्यतारा:
साताऱ्याहून. ग्रिपच्या मापाकडे कोणी वळलं नाही, म्हणून लिहिते. रॅकेटच्या मुठीला आठ पैलू असतात. एकहाती बॅकहँडला तर्जनीच्या मुळाचं हाड सगळ्यात वरच्या पैलूवर यायला हवं. फोरहँड सेमी-वेस्टर्न (तळहात मुठीच्या खालच्या बाजूला) धरत असाल तर प्रत्येक बॅकहँडला पकड तीन पैलू फिरवावी लागते. हे फिरवणं डाव्या हाताचं काम आहे. डावा हात रॅकेटच्या गळ्याशी ठेवायचा, खांदा वळताना त्याच हाताने रॅकेट मागे न्यायची आणि तेव्हाच ती उजव्या मुठीत फिरवायची. डावा हात लवकर सुटला की मूठ अर्धवट फिरते, चेंडू फ्रेमला लागतो, आणि लोक रॅकेटला दोष देतात.

माप बघायचं ते असं. अनामिकेच्या टोकापासून तळहाताच्या मधल्या आडव्या रेषेपर्यंत पट्टीने मोजा. १०८ मिलिमीटर म्हणजे एल-२, १११ म्हणजे एल-३, ११४ म्हणजे एल-४. दोन मापांच्या मधे असाल तर लहान घ्या, ओव्हरग्रिपने अर्धं माप वाढतं. मोठं माप मात्र सहज कमी करता येत नाही. फार बारीक असेल तर रॅकेट फिरते आणि मूठ आवळली जाते, फार जाड असेल तर पैलू बदलायला वेळ लागतो.

चामड्याच्या ग्रिपचं कृष्णाकाठ यांनी वजनासाठी सांगितलं, पण तिचा खरा फायदा हा की पैलू बोटांना स्पष्ट कळतात. मऊ, जाड ग्रिपवर ते गोल वाटतात आणि न बघता मूठ नीट बसत नाही. मात्र चामडं धक्का कमी शोषतं, तेव्हा कोपर दुखत असताना मल्टिफिलामेंट गट घातल्याशिवाय चामडं लावू नका. सांगलीत एप्रिल-मेमध्ये घाम फार येतो, तर वर कोरडी, खडबडीत ओव्हरग्रिप लावा आणि दर तीन-चार दिवसांनी बदला. आणि रॅकेट गाडीच्या डिकीत ठेवू नका. तापलेल्या डिकीत गटाचा ताण दोन-तीन दिवसांत उतरतो.

कृष्णाकाठ:
ताईंचा चामडं आणि कोपराचा मुद्दा बरोबर आहे, माझ्याकडून राहिला होता. आधी गट बदला, मग ग्रिप.

मॉडेलं: योनेक्स परसेप्ट ९७ (३१० ग्रॅम, तोल ३१) एकहाती बॅकहँडसाठी माझी पहिली पसंती, फ्रेम मऊ आणि वजन मुठीकडे. योनेक्स व्हीकोअर ९८ (३०५) टॉपस्पिनला जास्त साथ देते. विल्सन ब्लेड ९८ ची १६ बाय १९ (उभ्या १६, आडव्या १९ तारा; ३०५ ग्रॅम) मधला मार्ग. ग्रीसचा त्सित्सिपास बराच काळ ब्लेड ९८ नेच खेळला आहे, त्याचाही बॅकहँड एकहाती. हेड स्पीड एमपी (३००, हेड १००) घेतलीत तर कडेच्या चेंडूला जास्त माफी. बाबोलाट प्युअर ड्राइव्ह ताकद देते, पण फ्रेम ताठ आहे, या कोपराला मी सुचवणार नाही. मागच्या आवृत्तीची मिळत असेल तर बिनधास्त घ्या, फरक सहसा थोडाच असतो. स्वस्त मिळतेय म्हणून अनोळखी विक्रेत्याकडून घेत असाल तर आधी वजन करा. फ्रेमवर ३०५ छापलंय आणि काट्यावर २८० भरलं तर ती नक्कल आहे.

मिरज ३०:
महाबळेश्वरला सामने खेळायला जात असाल तर गट दोन पौंड घट्ट. तिथली उंची साधारण १३५० मीटर आहे, आणि आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ १२१९ मीटरच्या वर वेगळे, कमी उडणारे चेंडू मान्य करतो. नेहमीचे चेंडू तिथे लांब जातात. सांगली-साताऱ्याला ही भानगड नाही.

विश्रामबाग:
खांद्याएवढ्या चेंडूचं राहिलं. परसेप्ट ९७ घेतली तर तो सुधारेल?

अजिंक्यतारा:
थोडा. तो चेंडू रॅकेटने सुटत नाही. मुरुमावर टॉपस्पिन उसळतं आणि खांद्याच्या उंचीवर एकट्या हाताला जोर राहत नाही. दोन पावलं पुढे जाऊन उसळता चेंडू कमरेएवढा असतानाच घ्या, नाही तर मागे सरकून खाली उतरू द्या. दोन्हीला वेळ नसेल तर स्लाइस (चेंडूला खालून उलटी फिरकी देणारा फटका): मूठ काँटिनेंटल (हातोडी धरतो तशी), रॅकेट खांद्याच्या वरून सुरू, कोपर शरीराजवळ, आणि चेंडू ढकलत नेऊन खोल बॅकहँड कोपऱ्यात. जड रॅकेट स्लाइसला मदत करते, रॅकेटचं पातं चेंडूतून पुढे सरकतं, थरथरत नाही.

नवी रॅकेट ट्रायलला मिळाली तर फोरहँड मारून बघू नका, तो कशानेही चांगलाच लागतो. समोरच्याला बॅकहँडला वीस चेंडू खांद्याएवढे टाकायला सांगा, वीस सर्व्हिस नुसत्या ब्लॉक करून परतवा, वीस स्लाइस मारा. ब्लॉक करताना रॅकेट मुठीत किती वेळा फिरली ते मोजा. वीसपैकी पाचाहून जास्त असेल तर ती सोडा. दुसरी ट्राय करायची तर त्याच गटाने आणि त्याच ताणाने करा, नाहीतर फरक रॅकेटचा की गटाचा ते कळणार नाही.