मदत हवी आहे : संयुक्त ताब्याचा मसुदा कसा लिहावा?

घटस्फोट संमतीने होतोय, भांडण नाही. मुलगी सात वर्षांची. ताबा दोघांकडे ठेवायचं ठरलं, पण मसुदा लिहायला बसलो आणि अडकलो. शाळा-दवाखान्याचे निर्णय कुणी घ्यायचे हे वेगळं आणि ती कुणाकडे किती दिवस राहणार हे वेगळं, एवढं कळलं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात (कलम ९) दोन्ही पालकांशी नियमित संपर्क हा मुलाचा हक्क मानलाय, त्याच्या हिताला बाध येत नसेल तर. पालकांचा नव्हे, मुलाचा! पटलं. पण रोजचं काय? परवा गणिताची वही एका घरी, दप्तर दुसऱ्या घरी. आठवडा-आठवडा वाटून घ्यावा की शाळेचे दिवस एकीकडेच? उद्या एकाची बदली झाली तर? असा करार कोर्टातून मंजूर करून घेतलेलं कुणी आहे का? कोणता मुद्दा लिहायचा राहिला म्हणून नंतर पस्तावलात?