मदत हवी आहे: डोक्याला मार लागल्यावर भाऊ पार बदललाय, भरती कुठे करावं?

नाशिककरांनो, सल्ला हवाय.

मोठा भाऊ, वय ४१, अंबड एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर. चार महिन्यांपूर्वी सेकंड शिफ्ट सुटल्यावर पाथर्डी फाट्याजवळ गाडी घसरली. हेल्मेट होतं, हँडलला. फ्रंटल लोबला (मेंदूच्या पुढच्या भागाला) मार, ऑपरेशन, १९ दिवस आयसीयू. आता चालतो, बोलतो, जेवतो. भेटायला येणारे म्हणतात, "बरा झाला की!"

परवा चहा करायला उठला. पातेल्यात साखर-पत्ती टाकून गॅस पेटवला आणि पाणी न घालताच बघत उभा राहिला. करपल्याचा वास आला म्हणून आई धावली, "अरे, पाणी" एवढंच म्हणाली, तर तापलेलं पातेलं भिंतीवर आपटलं. दहा मिनिटांनी तिलाच विचारतो, भिंत कशानं काळी झाली? रात्री दोन-तीन तास झोप. कंपनीतले लोक पाळतीवर आहेत, हे रोजचं. वहिनी मुलीला घेऊन आतून कडी लावून झोपते.

न्यूरोसर्जन म्हणतात, मानसोपचारवाल्यांना दाखवा. ते म्हणतात, डोक्याला मार आहे, आधी न्यूरो. 'रिहॅब' म्हणून फोन केला की पहिला प्रश्न, "किती पितो?" एकजण तर गाडी पाठवून उचलून न्यायला तयार. दादा सुपारीसुद्धा खात नाही हो! फिजिओवाले हातपाय बघतात, आणि ते ठणठणीत आहेत हीच पंचाईत.

पुरुष रुग्णाला भरती करून मानसोपचार आणि मेंदूचं पुनर्वसन दोन्ही करणारं ठिकाण आहे का? पुणे-मुंबईही चालेल. तो स्वतः तयार नाही, मग भरती कशी करायची? मेडिक्लेम मिळतो का?

प्रतिसाद:
आधी चिठ्ठीत लेव्हेटिरासिटाम आहे का बघा. फिट येऊ नये म्हणून देतात, पण काहींची त्यानं चिडचिड फार वाढते. मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. फोनवर 'रिहॅब' म्हणूच नका, 'न्यूरोसायकियाट्री' (मेंदूच्या आजारातून आलेल्या मानसिक त्रासाचा विभाग) विचारा. बंगळुरूच्या निम्हान्स या सरकारी संस्थेत न्यूरो आणि मानसोपचार दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत.

संमती नसेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम ८९. नामनिर्देशित प्रतिनिधीचा (रुग्णाच्या वतीनं बोलणारा, बहुधा घरचाच माणूस) अर्ज लागतो, दोघे जण स्वतंत्रपणे तपासतात, त्यात एक मानसोपचारतज्ज्ञ असावाच लागतो. मुदत ३० दिवसांपर्यंत. उचलून नेणारी गाडी यात कुठेच बसत नाही. विम्यासाठी कलम २१ दाखवा, मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं असं त्यात आहे. रात्री अडलं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, मराठीत बोलतात. अंगावर धावून आला तर थेट ११२.

धागाकर्ता:
चिठ्ठी काढली. तीच गोळी, ५०० ची, दिवसातून दोनदा, डिस्चार्जपासून. उद्या ओपीडी गाठतो. आई विचारतेय, बंगळुरूला सोबत घरच्या एकाला राहू देतात का? कुणी जाऊन आलं असेल तर सांगा.