'शरणार्थी' म्हणजे नमस्कार?

सुईदोरा: एका माहितीपत्रकाचं मराठी करतेय. विषय, परदेशात आश्रय मागणाऱ्यांचं मानसिक आरोग्य आणि त्यामागची सामाजिक कारणं. अडलं पहिल्याच ओळीत. रेफ्युजीला आश्रयाचा दर्जा मिळालेला असतो, असायलम सीकरचा, म्हणजे तो मागणाऱ्याचा, अर्ज अजून पडून असतो. सगळं दुखणं त्या पडून राहण्यातच आहे. ब्रिटनमध्ये तर साधारण वर्षभर कामाची परवानगी मागताही येत नाही. बायकापोरं मागे राहिलेली, परत धाडतील ही धास्ती वेगळीच. असायलम सीकरला 'शरणार्थी' लिहिलं, तर शेजारच्या काकू हसल्या, "अगं, तो नमस्कार आहे की!"

मड्डीवस्ती: काकू बरोबर आहेत. आमच्या लिंगायतांत मठात गेलं की 'शरणु शरणार्थी' म्हणतात. सिद्धरामेश्वरांच्या सोलापुरात शरण हा मानाचा शब्द, बे.

दुरुस्तीखोर: तो कन्नड वापर झाला. शरण म्हणजे आश्रय, अर्थी म्हणजे मागणारा. असायलम सीकर तंतोतंत. रेफ्युजीला 'निर्वासित'. संपलं.

जुनीतिकिटं: कसं संपलं? १९७१ साली पाच पैशांच्या टपाल तिकिटावर 'शरणार्थी सहायता' छापलं होतं. पूर्व पाकिस्तानातून आलेले ते कोटीभर लोक काय अर्ज भरून बसले होते? १९५१ च्या निर्वासितांच्या करारावर भारताची सहीच नाही, तर दोन दर्जांना दोन शब्द येणार कुठून?

मड्डीवस्ती: सरळ 'आश्रयाचा अर्जदार' लिहा.

दुरुस्तीखोर: अर्ज अरबी-फारसी. 'आश्रययाचक' करा.

मड्डीवस्ती: याचक म्हणजे भिकारी की ओ!

भीमाकाठ: आमची आजी यातली कुठलीच नव्हती, ती धरणग्रस्त. उजनीत गाव गेलं. नव्या गावठाणात भावकी एकीकडं, शेजार दुसरीकडं. पाण्याची वेळ झाली की हंडा काखेत घेऊन उंबऱ्यात उभी राहायची, हाक मारणारं कोणी नाही. मग हंडा तिथंच ठेवून आत. काय झालं विचारलं की एवढंच म्हणायची, "करमंना बया."

सुईदोरा: हे घेते! 'सामाजिक एकाकीपणा' लिहून ठेवलं होतं, वाचताना दात आंबतात.

दुरुस्तीखोर: करमत नाही म्हणजे कंटाळा. माहितीपत्रकात चालणार नाही. शब्द आला 'क्रमणे'वरून, काळ जात नाही.

भीमाकाठ: कंटाळा दुपारी झोप काढली की जातो ओ. हिचं दोन वर्षं गेलं नाही.

जुनीतिकिटं: काळ जात नाही म्हणजे अर्ज पडून असलेल्याचंच की हे.

मड्डीवस्ती: करमणे 'रमणे'वरून नाही का?

दुरुस्तीखोर: मग 'क' कुठून आला?

सुईदोरा: अहो, पण असायलम सीकरला काय लिहू? उद्या द्यायचंय.

जुनीतिकिटं: 'क'चं नंतर बघू. सिनेमाच्या तिकिटावर पूर्वी असायचा तो करमणूक कर यातलाच ना? माझ्याकडं एक जुनं तिकीट आहे, फोटो टाकतो.