मदत हवी आहे : शुगर असलेल्या आईच्या तळव्यांचं रिफ्लेक्सॉलॉजी

मंडळी, आई ६८ वर्षांची, शुगर जुनी, तळवे बधिर. रंकाळ्यावर फिरताना एका मावशींनी सांगितलं म्हणून राजारामपुरीत एकाकडे जायला लागलीय. तो लाकडी काडीनं तळवा दाबतो. रिफ्लेक्सॉलॉजीत म्हणे तळव्याचा एकेक भाग शरीराच्या एकेका अवयवाशी जोडलेला असतो : अंगठा म्हणजे डोकं, तळव्याचा खळगा म्हणजे किडनी, स्वादुपिंड! त्या रात्री तिला झोप छान लागते, तेवढं मान्य. पण परवा चप्पल काढताना टाचेजवळ काळानिळा डाग दिसला, आणि तिला पत्ताच नाही! वर तो काडीवाला 'शुगरच्या गोळ्या कमी करा' म्हणे. ते मी होऊ देणार नाही. शुगरवाल्यांचे पाय नीट तपासणारे डॉक्टर कोल्हापुरात कोण आहेत? आणि काडीबिडी न लावता नुसत्या हातानं हलकं चोळून देणारं कुणी माहितीय का?