मदत हवी आहे: सोलापूरहून पुण्याला मुलीसह जायचं आहे, तिच्या वडिलांचा विरोध आहे

नमस्कार. आमचा घटस्फोट दोन वर्षांपूर्वी इथल्याच न्यायालयात परस्पर संमतीने झाला. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत आहे. संमतीच्या अटींप्रमाणे ताबा माझ्याकडे, दर रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सात ती बाबांकडे, आणि दिवाळीची व उन्हाळ्याची सुट्टी निम्मी निम्मी. अटींमध्ये एक ओळ अशीही आहे की मुलीचा कायमचा मुक्काम बदलायचा असेल तर दुसऱ्याला आधी लेखी कळवायचं. सही करताना त्या ओळीकडे माझं लक्षही गेलं नव्हतं.

आता मला पुण्यात नोकरी मिळते आहे. पगार जवळजवळ दुप्पट, आणि माझी बहीण तिथेच राहते, त्यामुळे शाळा सुटल्यावर मुलीकडे बघायला घरचं माणूस असेल. मी त्यांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "रविवार माझा आहे. तो तू घेऊन चाललीस." मला त्यांचा राग आला नाही. पण उत्तरही सुचलं नाही.

माहेरचे म्हणतात, ताबा तुझ्याकडे आहे ना, मग शाळेतून दाखला काढ आणि जा, कोर्टाचं नंतर बघू. मला हे पटत नाही. आमचं आपसात जे काही बिनसलं त्यात बाप म्हणून ते कधी कमी पडले नाहीत. संक्रांतीला इथल्या सिद्धेश्वरांच्या जत्रेत, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत, पांढरी बाराबंदी घातलेल्या आजोबांचं बोट धरून ती अक्षता सोहळ्याला जाते आणि घरी आल्यावर मिरवणुकीतले नंदीध्वज, त्या उंच सजवलेल्या काठ्या, कुठून कसे गेले ते मला आठवडाभर सांगत बसते. हे तिचं आहे. माझ्या नोकरीसाठी ते तिच्याकडून काढून घ्यायचा हक्क मला नाही.

मला विचारायचं आहे ते असं: आधी जाऊन मग अर्ज केला तर चालतं का? दर रविवार जमणार नाही, तर त्याऐवजी त्यांना काय देऊ करावं? आणि मुलीला कसं विचारू? परवा रात्री अंथरुणात तीच म्हणाली, "आई, मी नाही आले तर बाबा रविवारी जेवतील का गं?" तेव्हापासून मला नीट झोप नाही.

प्रतिसाद १

ताई, मी वकिली करते. तुमचे कागद पाहिलेले नाहीत, म्हणून सर्वसाधारण सांगते. आधी जाऊ नका. लेखी कळवण्याची अट असताना न कळवता गेलात तर पुढे प्रत्येक तारखेला तेच तुमच्यासमोर ठेवलं जाईल. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ खाली मुलांच्या ताब्याचा आणि भेटीचा आदेश निकालानंतरही बदलून घेता येतो. तुमचा निकाल त्या कायद्याखालचा असेल तर अर्ज त्याच न्यायालयात करायचा. कुटुंब न्यायालयात समुपदेशक असतात, आधी तिथे बसा. दोघांचं जमलं तर नव्या अटी लिहून आदेशात घालून घ्या. तोंडी ठरलेलं भांडण झालं की टिकत नाही.

नाहीच जमलं तर न्यायालय मुलीचं हित बघतं, तुमची सोय किंवा त्यांचा हट्ट नाही. म्हणून अर्जात पगार खाली ठेवा; शाळा, बहिणीचा आधार आणि बाबांच्या भेटीची ठोस योजना वर घ्या. जानेवारी २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की ताबा नसलेल्या पालकाला फोनवर, व्हिडिओ कॉलवर मुलाशी बोलण्याचा हक्क असला पाहिजे. तो तुम्ही आपणहून द्या.

प्रतिसाद २

मी दुसऱ्या बाजूचा बाप आहे. माझा मुलगा चार वर्षांपूर्वी आईबरोबर नागपूरला गेला. पहिलं वर्षभर मी फक्त गेलेले रविवार मोजत बसलो. खरं सांगतो, दर आठवड्याच्या नऊ तासांपेक्षा महिन्यातून दोनदा सलग दोन रात्री जास्त मिळाल्या. त्याला झोपवणं, सकाळी उठवणं, अभ्यासावरून रागावणं, हे रविवारच्या भेटीत कधी मिळालंच नव्हतं.

तुम्हाला पुणं तसं जवळ. हुतात्मा एक्स्प्रेस संध्याकाळी पुण्याहून सुटते, शुक्रवारी रात्री पोरगी सोलापुरात. कुणी आणायचं, कुणी सोडायचं, तिकीट कुणाचं, हे तारखांसकट लिहा. आमची सगळी भांडणं तिकिटावरून झाली. गड्ड्याचे दिवस दरवर्षी बाबांकडे, हे वेगळं लिहून द्या. दिवाळीएवढंच ते महत्त्वाचं आहे.

आणि मुलीला "तुला कुठे राहायचंय" असं विचारू नका. माझ्या मुलाला आम्ही दोघांनीही विचारलं होतं. तो दोघांनाही हो म्हणाला आणि मग आठ दिवस तापाने पडला.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. दादा, तुमचं शेवटचं वाक्य वाचून रडू आलं. मी तिला विचारणार नाही. बाबा जेवतील आणि रोज रात्री तुला फोन करतील, एवढंच काल सांगितलं.

वहीत योजना लिहिली आहे: महिन्यातून दोन शनिवार-रविवार सोलापूर, उन्हाळ्यात निम्म्याऐवजी पाच आठवडे, गड्डा पूर्ण त्यांच्याकडे, एका बाजूचं तिकीट माझं. त्यांना मेसेज केला की अर्ज करण्याआधी हे एकदा वाचाल का. तासाभराने उत्तर आलं, "शनिवारी दुकान बंद केल्यावर येतो. वही घेऊन ये."

वकीलताई, शनिवारी जमलं तर नव्या अटी लिहायला तुमच्यासारखं कुणी सोलापुरात सुचवाल का? दोघांचा मिळून एकच वकील चालतो का?