पाया सूप की कोलॅजन पावडर?

प्रश्न: गुडघेदुखीवर कोलॅजन पावडर घ्यावी की पाया सूप पुरेल?

उत्तर १: कोलॅजन म्हणजे सांध्यांत, त्वचेत असणारं प्रथिन; ते सरळ गुडघ्यात जाऊन बसत नाही, पोटात त्याचे तुकडे होतात. त्यात ट्रिप्टोफॅन (प्रथिनांतला एक आवश्यक घटक, जो अन्नातूनच मिळावा लागतो) नसतं, म्हणून डाळ-अंड्यांची जागा ते घेत नाही. पावडर घ्यायचीच तर हायड्रोलाइज्ड (आधीच बारीक तुकडे केलेली), रोज 10 ग्रॅम, तीन महिने. फरक नसेल तर पैसे घालवू नका.

उत्तर २: पाया सूपसाठी बकऱ्याचे चार पाय भाजून खरवडा, दीड लिटर पाणी, आलं, मिरी, कुकरला मंद आचेवर पाऊण तास. फ्रिजमध्ये रात्रभरात थरथरीत झालं की जिलेटिन (शिजून विरघळलेलं कोलॅजन) उतरलं समजा. पातळच राहिलं तर पाणी जास्त किंवा वेळ कमी. कॅल्शियम मात्र नगण्य, त्यासाठी नाचणी बरी.

उत्तर ३: क जीवनसत्त्वाशिवाय शरीर कोलॅजन नीट बांधत नाही. सूपमध्ये लिंबू पिळाच, पण गॅस बंद केल्यावर.