गॅस, फ्रिज आणि वॉशिंग मशीन
घर बदलताना सामान कसे न्यावे या चर्चेत, पुस्तके मोठ्या खोक्यांत भरू नयेत अशी सूचना आली आहे, ती योग्यच आहे. मात्र गॅस आणि यंत्रांचा उल्लेख तिच्यात राहून गेला आहे. दुसऱ्या शहरात जाताना १४.२ किलोचा भरलेला सिलिंडर सामानाच्या ट्रकमध्ये चढवणे धोक्याचे असते, आणि त्याची गरजही नसते: सिलिंडर व रेग्युलेटर वितरकाकडे जमा केल्यावर अनामत परत मिळते आणि टर्मिनेशन व्हाउचर (जोडणी बंद केल्याचा दाखला) हाती येते, ज्याच्या आधारे नव्या गावी पुन्हा जोडणी घेता येते. जोडणीचा मूळ कागद आयत्या वेळी हमखास सापडत नाही, तेव्हा तो आधीच शोधून ठेवावा.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून, बर्फ वितळवून, आतून कोरडा पुसावा आणि उभाच न्यावा; वाटेत आडवा करावा लागलाच, तर पोहोचल्यावर काही तास उभा ठेवून मगच चालू करावा. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनबरोबर आलेले लांब बोल्ट (जे बहुतेक घरांत मशीन बसवताच भंगारात जातात) परत लावल्याशिवाय ते हलवू नये, कारण आतला ड्रम स्प्रिंगांवर लटकलेला असतो आणि प्रवासातील हादऱ्यांनी त्याची जोडणी मोडू शकते.